नानांचं अर्धं भाकीत

नरडाणा स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला "पंडित नानांकडे" म्हटलं की तो आधी विचारतो, "कोणते, भाकीतवाले ना?" हो म्हटलं की हसतो, आणि गाव येईपर्यंत स्वतःची एखादी शंका काढतोच. बॅटरीवरची रिक्षा आताच घेऊ की अजून थांबू, नानांना विचारून सांगाल का? वृषाली नानांची एकुलती एक सून. लग्न होऊन वीस वर्षं झाली, तेव्हापासून ती असले प्रश्न जळगावहून येताना आत नेते आणि जाताना उत्तरं बाहेर आणते.

नाना टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून तारा जोडता जोडता आपल्याला पुढचा काळ दिसायला लागला, असं ते सांगतात. त्यांच्या बायकोचं, इंदिराबाईंचं, म्हणणं असं की खांबावरून फक्त दुसऱ्यांच्या घरातलं दिसतं. इंदिराबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, वृषालीही तेच म्हणते.

नानांचं पहिलं भाकीत गावाला अजून पाठ आहे. सरपंचाच्या घरी एकुलता एक फोन होता, तेव्हा नाना चावडीवर म्हणाले होते की एक दिवस फोन माणसाच्या हातात येईल, गुराख्याच्याही. लोक पोट धरून हसले. पुढे ते खरं झालं आणि नानांचं नाव झालं. गाव एक मात्र विसरलं. त्याच दमात नाना असंही म्हणाले होते की मग प्रत्येक माणसामागे वायर लागेल, वायरीला सोन्याचा भाव येईल. त्यांनी टाकाऊ वायरीची भेंडोळी घरी आणून माळा भरला. आज अर्ध्या गावाचे कपडे त्या वायरीवर वाळतात आणि उरलेल्या वायरीनं गोठ्याची दारं बांधलेली आहेत.

टीव्हीचंही तसंच. टीव्ही भिंतीवर लटकेल, कॅलेंडरसारखा पातळ होईल, असं नाना जाड खोक्यांच्या काळात म्हणाले. झालं तसं. पण एवढा मोठा टीव्ही लांबूनच बघावा लागणार, असा हिशेब करून त्यांनी घर बांधताना बैठकीची खोली आगगाडीच्या डब्यासारखी लांबलचक काढली. आता त्या खोलीत जो तो आपापल्या तळहाताएवढ्या पडद्यात डोकं घालून बसतो, आणि अक्कांनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चहा नेईपर्यंत तो निवतो.

खिशाचा किस्सा तर घरातल्यांनी स्वतः भोगलेला. नोटा जातील, माणूस पैसे हातात धरणारच नाही, हे नानांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तेही खरं झालं, आता भाजीवालीसुद्धा चौकोनी नक्षीचा पुठ्ठा पुढे करते. पण नोटा गेल्या म्हणजे खिसे गेले, असं समजून नानांनी सगळे सदरे बिनखिशाचे शिवून घेतले. मग फोन ठेवायला जागा उरली नाही. वर्षभर नाना फोन हातात धरून हिंडले, शेतात, लग्नात, मयतीला. शेवटी अक्कांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्याचे खिसे एकेका सदऱ्याला आतून जोडले. ते अजून आहेत, आणि नाना त्यांना तात्पुरते म्हणतात.

या सगळ्यावरून वृषालीनं एक नियम काढला होता. तिचं रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेलं, नियम काढायची खोड असणारच. नानांच्या प्रत्येक भाकिताचे दोन अर्धे असतात. पहिला अर्धा खरा होतो, दुसरा खोटा ठरतो, आणि नाना पैसे घालतात ते दुसऱ्यात. नवल, म्हणजे तिचा नवरा, हे ऐकून पोट धरून हसला होता. पुढे दर आखाजीला जेवणाच्या पंगतीत कोणीतरी हा नियम तिच्याकडून ऐकायचंच. नानाही ऐकायचे आणि मान डोलवायचे. दुसऱ्या कोणाबद्दल बोलणं चाललंय, असा त्यांचा चेहरा असायचा.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातला मोठा सण. त्या दिवशी पितरांसाठी पाण्यानं भरलेली घागर पुजतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, लेकी माहेरी येऊन झोके घेतात, आणि पुरुषमंडळी एरवी ज्याला नावं ठेवतात तो पत्त्यांचा डाव उघड्यावर मांडतात. निवृत्त झाल्यावर नानांनी यात स्वतःची भर घातली. बुलढाण्याकडे या सणाला धान्याचा घट मांडून पीकपाण्याचा अंदाज सांगतात, ते त्यांनी एकदा पाहिलं होतं. धान्याचं भविष्य सांगता येतं तर चार्जरचं का नाही, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

तेव्हापासून आखाजीच्या आदल्या संध्याकाळी लांबलचक खोलीच्या मधोमध एक मडकं बसतं. पितरांच्या घागरीजवळ असलं काही ठेवायला अक्कांची सक्त मनाई, म्हणून हे मडकं वेगळं. त्याच्या भोवती एकेक वीत अंतर ठेवून नाना गोल मांडतात: रिमोट, बल्ब, घड्याळाचा सेल, मोटारसायकलची किल्ली, मेलेलं सिमकार्ड, कानात घालायची बोंडं, गॅसचा लायटर. मग नाना गच्चीवर झोपायला जातात. सकाळी जी वस्तू मडक्याकडे सरकलेली दिसेल ती पुढे टिकणार. लांब गेली ती जाणार. उलटी झाली तर तिचं रूप बदलणार. याच घटावरून त्यांनी सांगितलं आहे की डॉक्टर मनगटावर येईल आणि दवाखान्यांचे लग्नाचे हॉल होतील. गाड्या आपल्याआपण चालतील, पण कट लागल्यावर खाली उतरून भांडायला एक माणूस पगारी ठेवावा लागेल. फ्रिज स्वतः किराणा मागवेल, आणि मग शेजारणींना एकमेकींकडे वाटीभर साखर मागायला जायचं निमित्त उरणार नाही.

"हाऊ बठ्ठा कचरा शे," अक्का दर वर्षी मडक्याकडे बघून आपल्या अहिराणीत म्हणत, सगळाच कचरा.

वृषालीही हसायची. पण या वर्षी तिच्या हसण्यात जोर नव्हता, कारण तिच्या मुलीची, दिपमालाची, बारावी झाली होती.

दिपमाला आठवीत असताना सगळे म्हणाले, मुलांना कोडिंग शिकवा, नाहीतर मागे पडतील. वृषालीनं तिला कोडिंगच्या क्लासला घातलं. ती दहावीला गेली तोवर तेच लोक म्हणू लागले, कोडिंग आता यंत्रच करतं, त्यात काय राहिलंय. वृषालीच्या फोनवर रोज कोणी ना कोणी यादी पाठवायचं: येत्या पंधरा वर्षांत नाहीशा होणाऱ्या नोकऱ्या. दोन याद्यांचा एकमेकींशी मेळ नसायचा. एकीत शिक्षक बुडायचे, दुसरीत तेच तरायचे. एकदा तिनं फोनमधल्या त्या सगळं सांगणाऱ्या यंत्रालाच विचारलं, मुलीनं कॉम्प्युटर घ्यावं का? त्यानं अदबीनं, मुद्देसूद, दोन्ही बाजू मांडल्या आणि शेवटी निर्णय तुमचा म्हणून सांगितलं. वृषालीला वाटलं, एवढं तर नवलही सांगतो.

खुद्द दिपमालाला कसलीही शंका नव्हती. तिला कॉम्प्युटरच हवं होतं आणि पुण्यालाच. तिच्या दोन मैत्रिणी तिकडे निघाल्या होत्या. वृषाली तिला पुन्हा पुन्हा याद्या वाचून दाखवायची आणि म्हणायची, ज्याचा काही भरवसाच नाही ते शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं? त्यापेक्षा इथंच जळगावात इलेक्ट्रिकल घे, वीज काही कुठे जात नाही, आणि संध्याकाळी घरी येशील. बोलणं नेहमी याच शेवटच्या चार शब्दांवर येऊन थांबायचं. दिपमालाच्या ते लक्षात आलं होतं. वृषालीच्या आलं नव्हतं, किंवा तिनं ते येऊ दिलं नव्हतं.

नवलला ठरवता येईना. तो म्हणाला, आखाजीला गावी जातोच आहोत, नानांच्या घटात काय येतं ते बघू. आणि सगळ्यांना आश्चर्य वाटावं अशी गोष्ट घडली: वृषालीनं विरोध केला नाही. उलट तिनंच अडगळीतल्या बंद पडलेल्या कीबोर्डचं एक बटण उचकटून पर्समध्ये टाकलं. कॉम्प्युटरसाठी हे ठेवता येईल, म्हणाली. दिपमालानं तिच्याकडे संशयानं पाहिलं आणि सगळी वाट, सुरतकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये, ती खिडकीबाहेर बघत बसली.

संध्याकाळी नानांनी ते बटण हातावर घेऊन पारखलं, आपल्या जागी ठेवलं आणि अंतर वितेनं मोजलं. इलेक्ट्रिकलसाठी त्यांनी प्लगची एक जुनी पिन ठेवली.

सकाळी उजाडता उजाडता नळाला पाणी येतं. त्या निमित्तानं वृषाली सगळ्यांच्या आधी उठली. लांबलचक खोली रिकामी होती. ती मडक्यापाशी थांबली. आपण पदवीधर बाई, मडक्यावर आपला काडीचा विश्वास नाही, हे तिनं मनाशी एकदा म्हणून घेतलं. ज्यावर विश्वास नाही ते हलवल्यानं काय बिघडतं, हेही म्हणून घेतलं. मग पायाच्या अंगठ्यानं तिनं ते बटण सरकवत सरकवत थेट उंबऱ्यापर्यंत नेलं. कॉम्प्युटर गेला, म्हणजे पुणे गेलं. तिनं दोन हंडे भरले आणि ती आंघोळीला गेली.

पितरांची पूजा उरकली, घास बाहेर ठेवले गेले, आणि नाना घटासमोर येऊन बसले. शेजारचे चिंधा आबाही आले. त्यांना फ्रिज घ्यायचा होता. वृषाली हातावरचं पीठ झटकत दारात उभी राहिली आणि तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. बटण मडक्याला टेकून बसलं होतं, लेकरू आईला टेकतं तसं.

तिला कोणाला विचारता येईना. विचारायचं म्हटलं तर आधी सांगावं लागलं असतं.

नाना बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले की कॉम्प्युटर कुठे जात नाही. उलट असा कधी कोणी चिकटला नव्हता. दिपमालाचा चेहरा उजळला. पण नानांचं संपलं नव्हतं. "मडकाले टेकना म्हंजे घरले टेकना," ते बोट वर करून म्हणाले. मग सगळ्यांना कळावं म्हणून त्यांनी ते फोडून सांगितलं. कॉम्प्युटर घरात येऊन बसलाय, याचा अर्थ कॉलेजच घरात येणार. मास्तर पडद्यात बोलेल, पोरं पलंगावर बसून ऐकतील. तेव्हा कॉम्प्युटर शिकवा, खुशाल शिकवा, पण त्यासाठी पोरीला पुण्याला धाडायचं काही कारण नाही. जळगावला घरी बसून होईल.

नवलनं मांडीवर थाप मारली. प्रश्न सुटला होता. मुलीला कॉम्प्युटर मिळाला आणि आईला मुलगी. वृषालीच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. तिला हवं होतं ते उलट्या वाटेनं का होईना, चालत तिच्या दारात आलं होतं. दिपमाला उठून झोक्याकडे निघून गेली. झोका घेणाऱ्या पोरी तिला बोलावत होत्या, ती नुसती झाडाला पाठ लावून उभी राहिली. वृषालीला ते खिडकीतून दिसत होतं.

स्वयंपाकघरात अक्का खापरावर पोळी टाकत होत्या. वृषालीनं सहज विचारावं तसं विचारलं, आज सकाळी झाडलं कोणी? अक्कांनी वर न बघता सांगितलं, "मीच. ते बटन पार उंबराजोडे पडेल व्हतं, माले वाटनं उंदीरनी नेयं. झाडू मारा आणि मडकाजोडे ठी दिधं." मडक्याजवळ ठेवून दिलं, एवढंच. मग पोळी उलटवत त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. दर आखाजीला त्या हेच करतात. सणाच्या दिवशी घर झाडायचं नाही का? वस्तू आड येतात त्या बाजूला करतात, आणि झाडून झालं की जमेल तिथं ठेवून देतात. कोणती कुठं होती हे कोण लक्षात ठेवणार?

वृषाली पुरणाच्या पातेल्याशी तशीच बसून राहिली. वायर, खोली आणि बिनखिशाचे सदरे घटाच्या आधीचे, तेवढं वगळलं तर बाकी इतक्या वर्षांचं भविष्य, मनगटावरचे डॉक्टर, भांडणारी पगारी माणसं, सगळं अक्कांच्या झाडूतून आलेलं होतं. आणि दिपमालाचं अर्धं अक्कांच्या झाडूतून, अर्धं तिच्या स्वतःच्या पायाच्या अंगठ्यातून.

पंगत बसली. आमरस वाढून झाला. चिंधा आबांना त्यांचं उत्तर मिळालं होतं, फ्रिज घ्या पण शेजाऱ्यांशी बोलणं सोडू नका, आणि ते त्यावर विचार करत जेवत होते. तेवढ्यात दिपमाला ताटावरून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, तुझा नियम सांग ना."

"कोणता नियम?"

"दर आखाजीला सांगतेस तो. यंदा कोणी विचारलाच नाही."

पंगत हसली. नवलही हसला, आणि मग हसता हसता त्याच्या लक्षात आलं, यंदाचा दुसरा अर्धा कोणता ते. सगळे वृषालीकडे बघू लागले. ती म्हणू शकली असती की अगं ती गंमत होती. तसं म्हटलं असतं तर कोणीही मानलं असतं, सुनेनं सासऱ्याबद्दल केलेली गंमत ती, ती खरी थोडीच असते? तिनं आमरसाच्या वाटीत चमचा फिरवला. समोर मुलीचा चेहरा होता. तो याद्या ऐकताना असायचा तसा कंटाळलेला नव्हता. तो वाट बघत होता.

"पहिला अर्धा खरा होतो," वृषाली म्हणाली.

"आणि दुसरा?"

"दुसरा... आजवर तरी नाही झाला."

"मंग पोर पुनाले जाई," अक्का म्हणाल्या, आणि नवलच्या ताटात आणखी एक पोळी टाकून आत निघून गेल्या.

आता नानांना काय वाटेल, म्हणून नवल चुळबुळला. आपली भाकितं आयुष्यभर अर्धी ठरली, हे भर पंगतीत ऐकणं सोपं नाही. पण नानांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते हिशेब करत होते. वायर, खोली, खिसे, असं एकेक बोट मिटत त्यांनी नियम तपासला आणि त्यांना तो बराचसा पटलेला दिसला. मग म्हणाले, बरोबर, पण यंदा दुसरा अर्धा खरा निघणार आहे. आणि तो तपासायचा तर पोरीला पाठवावंच लागेल. "ती गेल्याशिवाय कसं कळेल, जायची गरज नव्हती ते?"

नवलनं पुण्याचं नाव पसंतीक्रमात वर टाकायचं कबूल केलं. दिपमालानं त्या दिवशी मोजून पाहाव्यात इतक्या पोळ्या खाल्ल्या आणि दुपारभर ती झोक्यावरून उतरली नाही. वृषालीनं भांडी आवरताना अक्कांकडे पाठ केली होती. अक्का घासलेली भांडी तिच्याकडे हळू सरकवत राहिल्या.

जुलैत यादी लागली, ऑगस्टमध्ये दिपमाला पुण्याला गेली. वृषाली तिला सोडून जळगावला परतली, तेव्हा घरात शिरल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं, तर याद्या पाठवणाऱ्या दोन गटांतून बाहेर पडली. तिसऱ्यात राहिली. एवढ्यात सगळीच सवय जात नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी तिनं मुलीला व्हिडिओ कॉल लावला. कॉलेजच्या वेळेला दिपमाला होस्टेलच्या पलंगावर, पांघरूण मांडीवर घेऊन, लॅपटॉपसमोर बसलेली होती. बरं नाही का? वृषालीनं विचारलं. दिपमालानं एका कानातलं बोंड काढलं आणि सांगितलं की इमारतीत दुरुस्ती निघाली आहे, म्हणून महिनाभर सगळे तास पडद्यावरच. सर त्यांच्या घरून बोलतात, मुली आपापल्या पलंगावर बसून ऐकतात.

"मग इकडेच ये ना महिनाभर," वृषाली म्हणाली. "पलंग इथंही आहे."

दिपमाला हसली. म्हणाली, नको मम्मी, इथं सगळ्या मिळून ऐकतो, मजा येते. तिच्या मागून कोणीतरी तिच्या डोक्यावर उशी मारली आणि फोन पलंगावर उपडा पडला. थोडा वेळ फक्त हसण्याचे आवाज आले, मग कॉल बंद झाला.

दुपारी नानांचा फोन आला. ते अधूनमधून करतच. शेतात कापूस कसा आहे, अक्कांचा गुडघा कसा आहे, हे सांगून झाल्यावर त्यांनी गळा साफ केला आणि विचारलं, "पोरीचं कॉलेज कसं चाललंय, बेटा? कॉलेजातच भरतं ना?"

वृषाली ओट्याशी उभी होती. खरं सांगितलं असतं तर नानांनी संध्याकाळच्या आत गावभर सांगितलं असतं की यंदा दुसरा अर्धाही खरा निघाला. रात्री त्यांनी नवलला फोन केला असता, आणि नवल नानांचं ऐकतो. पुढच्या रविवारी पोरगी बॅग घेऊन जळगावच्या फलाटावर उभी असती, संध्याकाळी घरी, रोज. एवढं सगळं एका वाक्यावर टांगलेलं होतं आणि ते वाक्य खरं होतं.

"भरतं ना, नाना," ती म्हणाली. "कॉलेजातच भरतं. सकाळी जाते, संध्याकाळी येते."

पलीकडे नाना बहुधा बोटं मिटत होते.

"बरं," ते म्हणाले. "मग तुझाच नियम खरा." आणि जरा थांबून त्यांनी विचारलं की चिंधा आबा फ्रिज घेऊन बसलेत, पण तो अजून किराणा काही मागवत नाही, तर कंपनीला फोन करावा की आणखी काही वर्षं वाट बघावी?